गोळी विसरली जात नाही, लपवली जाते

(दादर येथे कार्यकर्ते आणि कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सवाच्या दिवसांत लालबाग-परळचा परिसर रात्री झोपत नाही. दर्शनाच्या रांगा फुटपाथ व्यापून राहतात आणि मंडळाची मुले दोर धरून, शिट्ट्या वाजवीत पहाटेपर्यंत उभी असतात. अशाच एखाद्या मंडळातील एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तो कोणी एक नाही. रात्री नऊ वाजता त्याला एक गोळी घ्यावयाची असते. गोळी खिशात असते, पाण्याची बाटली हाताशी असते, मनगटावर घड्याळ असते. तरीही गोळी घेतली जात नाही. दोन्ही बाजूंना मित्र उभे असतात आणि त्यांच्यापैकी कोणी सहज विचारील, "काय रे, कसली गोळी?" या साध्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. नवाचे दहा होतात, दहाचे बारा होतात. पहाटे घरी येऊन तो अंथरुणावर पडतो तो दुपारपर्यंत उठत नाही. पुढे उपचार केंद्रात समुपदेशक विचारतात तेव्हा तो खाली मान घालून सांगतो, "विसरलो."

हा 'विसरलो' शब्द कान देऊन ऐकण्यासारखा आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांच्या औषधोपचारात खंड का पडतो, याचा विचार करताना आपण बहुधा या शब्दापाशीच थांबतो. मुलगा बेफिकीर आहे, मुलीला गांभीर्य नाही, असा निवाडा देऊन मोकळे होतो. वस्तुतः पुष्कळ वेळा गोळी विसरली गेलेली नसते. ती घेण्यासाठी लागणारी सुरक्षित जागा, सुरक्षित क्षण त्या तरुणाला मिळालेला नसतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

औषध मुंबईत कसे पोहोचले

ज्या औषधाविषयी आपण बोलत आहोत ते सहजासहजी हाती आलेले नाही. तीन औषधे एकत्र दिल्यास या विषाणूला रोखता येते, हे १९९६ मध्ये जगापुढे आले. पण तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलरच्या घरात होता. भारतातील सामान्य कुटुंबाला तो स्वप्नातही परवडणारा नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये 'सिप्ला' या मुंबईच्या कंपनीने तीच तिहेरी औषधयोजना वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने देण्याची तयारी दाखवली आणि साऱ्या जगाचे गणित बदलले. आफ्रिकेतील लक्षावधी माणसांना भारतीय कारखान्यांतील औषधांनी जीवदान दिले, ही कोणत्याही भारतीयाला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

देशात १ एप्रिल २००४ रोजी शासनाने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या आठ रुग्णालयांत भायखळ्याचे सर ज. जी. रुग्णालय होते. पुढे परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक अशा रुग्णालयांतून केंद्रे उभी राहिली. लहान मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. २०१७ पासून, तपासणीत लागण आढळली की प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी उपचार सुरू करावयाचे, असे धोरण आले. आज बहुसंख्य प्रौढ रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी, तीही मोफत.

२००६ मध्ये जे मूल पाच-सहा वर्षांचे होते ते आज पंचविशीत आहे. आईकडून जन्मतः लागण झालेली ही मुले जगणार नाहीत, असेच एके काळी सर्वांनी गृहीत धरले होते. ती जगली. शाळेत गेली, महाविद्यालयात गेली, नोकरीला लागली. ज्यांच्या मरणाची तयारी झाली होती त्यांच्या जगण्याची तयारी मात्र समाजाने केली नव्हती. खरी अडचण येथे सुरू होते.

एक गोळी राहिली तर काय होते?

दिवसाला एक गोळी घेणे यात अवघड ते काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी या औषधाचे कार्य समजून घ्यावे लागेल. ही औषधे विषाणूची वाढ थांबवतात, त्याचा समूळ नाश करीत नाहीत. शरीरातील काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत दडून राहतो. रक्तातील औषधाची पातळी खाली आली की तो पुन्हा आपल्या प्रती काढू लागतो. या विषाणूची नक्कल उतरवण्याची पद्धत फार अजागळ आहे. प्रती काढताना वारंवार चुका होतात आणि त्यातील एखादी चूक अशी निघते की त्या प्रतीवर औषध चालत नाही. औषध अर्धवट चालू असेल तर तीच प्रत फोफावते. मग पहिल्या औषधांना दाद मिळत नाही, दुसऱ्या फळीची औषधे द्यावी लागतात. त्यांची निवड मर्यादित असते.

म्हणूनच शंभरांतील किमान ९५ मात्रा वेळेवर जाव्यात, हा निकष डॉक्टर सांगत आले. दिवसाला एक गोळी धरल्यास महिन्यात एखादीच चुकली तर ती या निकषात बसते. नव्या औषधांना विषाणू तितक्या सहज चकवू शकत नाही, हे खरे. परंतु ती सवलत समजून चालणे धोक्याचे आहे.

या शिस्तीचे फळही मोठे आहे. औषध नियमित घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतके कमी होतात की तपासणीत ते सापडतच नाहीत. या स्थितीतील व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. लागण असलेल्या गर्भवतीने उपचार घेतला नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे ही छोटीशी गोळी त्या तरुणाला आयुष्य देते, संसार देते आणि निरोगी संततीची आशाही देते. एवढे सारे पणाला लागलेले असताना ती चुकते, तर तिच्या आड येणारी गोष्टही तितकीच बलवान असली पाहिजे.

आड येते काय?

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतील घराचे क्षेत्रफळ सर्वांना ठाऊक आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. शेजारी न विचारता आत येतो, हे चाळीचे भूषण मानले जाते आणि ते आहेही. पण ज्याला एक डबी लपवावयाची आहे त्याच्यासाठी हेच भूषण संकट ठरते. औषधाच्या बाटलीत गोळ्या खुळखुळतात. त्या आवाजाचीसुद्धा त्याला भीती वाटते. पाहुणे आले की मात्रा चुकते. मे महिन्यात कोकणातल्या गावी गेले की तेथे दहाजणांच्या पंगतीत गोळी कशी काढावी, या विवंचनेत आठवडा निघून जातो.

दुसरे कारण घराच्या आतले आहे. जन्मतः लागण झालेल्या मुलांचे आईवडील पुष्कळदा औषध येण्यापूर्वीच गेले. आजीने, मामाने, काका-काकूंनी ती वाढवली. आपल्या कुटुंबव्यवस्थेचे हे मोठे बळ होय. परंतु प्रेमापोटी त्याच कुटुंबाने मुलाला सत्य सांगितले नाही. "बाळा, ही ताकदीची गोळी आहे," असे आजी सांगत राहिली. मूल सात वर्षांचे असताना ते पटते. चौदाव्या वर्षी ते केंद्रातील भिंतीवरचे फलक वाचू लागते आणि एके दिवशी त्याला सारे एकदम कळते. आजाराच्या आघाताहून, आपल्याला फसवले गेले हा आघात अधिक खोल जातो. त्यानंतर गोळी नाकारणे हाच त्याच्या रागाचा एकमेव मार्ग उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगून ठेवले आहे की शाळकरी वयाच्या मुलाला, म्हणजे सुमारे ६ ते १२ वर्षांच्या दरम्यान, त्याच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सत्य सांगावे. 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, ही गोळी त्याला झोपवून ठेवते' एवढ्यापासून आरंभ करता येतो. आजाराचे नाव मागाहून येते. तोवर विश्वास टिकलेला असतो.

तिसरे कारण वयाचे. आपण धडधाकट दिसतो, क्रिकेट खेळतो, मग रोज औषध कशाला, असे अठराव्या वर्षी वाटणारच. मधुमेहाचा पन्नाशीतला रुग्णसुद्धा गोळ्यांना कंटाळतो. येथे तर जन्मभराचा करार आहे. त्यातच बालविभागातील ओळखीचे डॉक्टर आणि ताई सुटून प्रौढांच्या गर्दीच्या विभागात जावे लागते. नोकरीच्या ठिकाणी दर वेळी रजेचे खोटे कारण सांगावे लागते. आता प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम मिळू शकतात, ही त्यातल्या त्यात मोठी सोय झाली आहे.

आणि चौथे कारण आपण सारे आहोत. समाजमन या तरुणांची दोन गटांत विभागणी करते. जन्मतः लागण झालेले ते 'निष्पाप' आणि पुढे लागण झालेले ते 'आपल्या कर्माची फळे भोगणारे'. पहिल्यांसाठी डोळ्यांत पाणी येते, दुसऱ्यांसाठी कपाळाला आठी पडते. ही विभागणी वरवर नैतिक वाटली तरी तिचा परिणाम घातक आहे. गोळीची डबी पाहणारा शेजारी, ही लागण कोठून आली याचा दाखला मागत बसत नाही. त्यामुळे आपल्या आठीची भीती दोन्ही गटांना सारखीच वाटते आणि दोघेही डबी लपवतात. संयम, सदाचार, वैवाहिक निष्ठा यांचा संस्कार घराघरांतून अवश्य व्हावा. परंतु आजारी माणसाच्या औषधाच्या वेळी तो संस्कार न्यायाधीश होऊन उभा राहिला, तर तो संस्कार न राहता शिक्षा होतो.

भीतीने आजार लपतो, हा धडा या शहराने फार पूर्वी घेतला आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा सक्तीने रुग्णालयात नेतील या धास्तीने लोकांनी घरातले रुग्ण दडवले आणि साथ वाढत गेली. कुष्ठरोगाचेही तेच झाले. परंतु महाराष्ट्रातच अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले आणि कुष्ठरुग्णाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी हळूहळू पालटली. योगायोग पाहा, मुंबईतील एड्स नियंत्रणाचा कारभार वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारातूनच चालत आला आहे. एका बहिष्कृत आजाराने दुसऱ्या बहिष्कृत आजाराला जागा दिली.

ज्यांना लपवावे लागत नाही

पंढरपूरचे 'पालवी', लातूरजवळील हासेगावचे 'सेवालय', बीडचे 'इन्फंट इंडिया', पुण्याचे 'मानव्य' येथे एचआयव्हीसह जगणारी मुले वाढली आणि वाढत आहेत. अशा घरांत औषधाची वेळ ही जेवणाच्या घंटेसारखी असते. सर्वांनीच घ्यावयाची म्हटल्यावर लपवण्याचे कारण उरत नाही. कसोटी येते ती तेथून बाहेर पडून शहरात खोली घेऊन राहू लागल्यावर. म्हणजे प्रश्न मुलाच्या स्वभावाचा कमी आणि भोवतालच्या माणसांचा अधिक आहे.

याचा शास्त्रीय पुरावा झिंबाब्वेतून आला. तेथे 'झ्वांदिरी' नावाचा उपक्रम २००४ पासून चालतो. शोना भाषेतील या शब्दाचा अर्थ 'जसा मी आहे तसा' असा होतो. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना प्रशिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी आपल्याहून लहान किंवा समवयस्क रुग्णांच्या घरी जाऊन विचारपूस करावयाची, अशी त्याची साधी पद्धत आहे. या पद्धतीची रीतसर चाचणी होऊन २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे दोन वर्षांनंतर, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या किशोरवयीनांपैकी ३६ टक्क्यांमध्ये औषध निष्फळ ठरले होते किंवा मृत्यू ओढवला होता. ज्यांना अशा समवयस्कांचा आधार होता त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होते. औषध दोन्हीकडे तेच होते. फरक होता तो दारात येऊन "आज कसा आहेस?" असे विचारणाऱ्या मित्राचा.

घराने आणि कार्यकर्त्याने काय करावे

पहिली गोष्ट, प्रश्न विचारण्याची रीत बदलावी. "गोळी घेतलीस ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी, "गोळी कोणाचीही राहते. गेल्या आठवड्यात तुझी किती वेळा राहिली?" असे विचारले तर खरे उत्तर येते. खरे उत्तर आल्यावर रागावू नये. एकदा रागावले की पुढची दहा वर्षे खोटेच ऐकावे लागते.

दुसरी गोष्ट, औषधाची वेळ तरुणाच्या दिनक्रमातून ठरवावी. रात्रपाळीचा मुलगा असेल तर रात्री नऊचा हट्ट कशाला? सकाळच्या चहाशी किंवा दात घासण्याशी गोळी जोडली तर सवय लवकर लागते. वेळ बदलण्यापूर्वी केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. उत्सवाच्या किंवा गावच्या दिवसांत चार-पाच गोळ्या साध्या, नाव नसलेल्या कोरड्या डबीत बरोबर ठेवाव्यात. मुक्काम लांबणार असेल तर केंद्राला आधी कळवून औषधे घ्यावीत. मात्रा चुकल्याचे लक्षात आले की ती लगेच घ्यावी, परंतु पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. आज दिली जाणारी ही गोळी उपाशीपोटीही चालते. तेव्हा श्रावणी सोमवार असो की नवरात्र, उपवासासाठी ती सोडण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, इतर औषधे सांगून घ्यावीत. पित्तावरची काही औषधे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाचे शोषण कमी करतात. त्यांच्या वेळांत अंतर ठेवावे लागते. क्षयरोगाचा उपचार चालू झाला तर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा वाढवावी लागते. क्षयरोग मुंबईत किती घरांत आहे हे सांगावयास नको. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती असणे अगत्याचे आहे.

चौथी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. योगासने, प्राणायाम, सात्त्विक आहार यांनी शरीर आणि मन सुदृढ राहते. त्यांचा अवलंब अवश्य करावा. परंतु त्यांच्या किंवा एखाद्या 'मुळापासून बरे करणाऱ्या' काढ्याच्या भरवशावर ही गोळी थांबवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. आपल्या परंपरेवरील प्रेमापोटी कोणी तसा सल्ला देत असेल तर त्याला आपल्याच माणसांनी थांबवले पाहिजे.

पाचवी गोष्ट, तपासणीचा अहवाल हा परीक्षेचा निकाल मानू नये. दर मिलिलिटर रक्तात हजारांहून अधिक विषाणू आढळले तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी सुमारे तीन महिने विशेष समुपदेशन करून पुन्हा तपासणी करतात. अडचण ओळखून पुन्हा नियमित औषध घेतल्यास याच काळात अनेकांचा अहवाल पूर्ववत होतो. हा काळ धीर देण्याचा आहे. माहिती किंवा आधार हवा असल्यास १०९७ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

गुपित फोडू नये, वाटून घ्यावे

येथे एक सावधगिरीही हवी. एखाद्याची लागण कळली म्हणून ती चार जणांना सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग हेतू सेवेचा का असेना. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने, संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या आदेशावाचून कोणाचीही स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. शाळा, नोकरी, घरभाडे, रुग्णसेवा यांत भेदभाव करणे हा कायद्याचा भंग आहे. याच कायद्यात एक हृद्य तरतूद आहे. आईवडील नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या घरात १२ ते १८ वर्षांचे समंजस मूल आपल्या लहान भावंडाचे शाळाप्रवेश, उपचार, बँकेचे खाते अशा कामांसाठी पालक होऊ शकते. थोरली ताईच घर चालवते, हे सत्य कायद्याला कळले. ते चाळीला आणि सोसायटीला कळण्यास अडचण नसावी.

त्या तरुणाला त्याच्या आजाराची दवंडी पिटणारे नको आहेत. त्याला हवा आहे तो एक माणूस, ज्याच्यासमोर गोळी काढताना हात थरथरणार नाही. तो माणूस आजी असेल, मामा असेल, मित्र असेल, वस्तीत जाणारा कार्यकर्ता असेल. त्याने स्वतःहून सांगावे इतका विश्वास आपल्या वागण्यातून निर्माण व्हावा आणि सांगितल्यावर ते आपल्यापाशीच राहावे, एवढेच आपले काम आहे. त्यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. बोलताना कोणाच्या आजारावर विनोद न करणे आणि कोणाच्या चारित्र्यावर शेरा न मारणे, येथून त्याचा आरंभ होतो. कोणाला सांगावे आणि कोणाला नाही, हे तो तरुण आपल्या अशा बोलण्यावरूनच ठरवत असतो.

पुढच्या गणेशोत्सवात पुन्हा रांगा लागतील. रात्री नऊ वाजता दोर धरून उभा असलेला एक मुलगा मित्राकडे पाहील. मित्र काही विचारणार नाही. त्याच्या हातातला दोर आपल्या हाती घेईल आणि म्हणेल, "जा, पाणी पिऊन ये. मी आहे इथे."

एवढे घडले तरी गोळी वेळेवर जाईल.